आयरिस : लागवड व अभिवृद्धी

आयरिस : (कुल–इरिडेसी; केशर कुल). शोभिवंत फुलांच्या बहुवर्षायू वनस्पतींचा एक वंश. यात 250 ते 300 जाती मानतात. त्या बहुतेक उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण प्रदेशांतील आहेत. फुलात तीन परिदले (पाकळ्यांसारखे भाग) खाली झुकलेली व तीन उभी असतात. झुकलेल्या परिदलांवर केसांचा पट्टा असलेले ‘दाढीवाले’ प्रकार बागांत विशेष लावतात.

यांपैकी आयरिस (आ.) जर्मानिका ही लिनीअस यांनी 1753 मध्ये वर्णिलेली जाती. तिचे मूळ वादग्रस्त आहे. नाव जर्मनीवरून असले, तरी ती भूमध्य समुद्राच्या आसपास उगम पावून लागवडीबरोबर पसरली असावी. आ. पॅलिडा व आ. व्हेरिगेटा यांचा तो नैसर्गिक संकर, असे जुने मत आहे. मात्र या दोहोंत 24 गुणसूत्रे, तर जर्मानिकात सामान्यतः 44 असतात. प्रत्येक पूर्वजाकडून निम्मी गुणसूत्रे येत असल्याने साध्या संकराने हा आकडा जुळत नाही. 48 व 40 गुणसूत्रांच्या पूर्वजांकडून अनुक्रमे 24 व 20 आली असावीत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तिला बी क्वचितच धरते, याचाही उलगडा त्यातून होतो. आजचे उंच दाढीवाले प्रकार बहुतांशी 48 गुणसूत्रांचे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये मायकेल फॉस्टर यांनी आशिया मायनरमधील (आजच्या तुर्कस्तानातील) मोठ्या फुलांच्या जाती संकरासाठी वापरल्या, तेथून ही परंपरा सुरू झाली.

बियांपासूनची संकरित रोपे मातृवनस्पतीसारखी निपजत नाहीत, म्हणून दाढीवाल्या प्रकारांची अभिवृद्धी मूलक्षोडाच्या (जमिनीलगत आडव्या वाढणाऱ्या जाड खोडाच्या) विभाजनानेच करतात. मूलक्षोडाचे एक टोक एकदाच फुलते. पुढची फुले बाजूच्या कोंबांना येतात. त्यामुळे तीन-चार वर्षांत गड्डा दाटतो, मधला भाग निकामी होतो व बहर घटतो. फुले संपल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी गड्डा उपटावा, मऊ व पोकळ भाग टाकावा, पाने सुमारे 15 सेंमी. ठेवून छाटावीत आणि कोंब व मुळे असलेले तुकडे 30–45 सेंमी. अंतरावर लावावेत. मूलक्षोडाची पाठ मातीबाहेर उघडी राहिली पाहिजे. नवख्यांची चूक येथेच होते. खोल लावल्यास किंवा पाणी साचल्यास जिवाणुजन्य मऊ कूज लागते, तिला दुर्गंधी असते. निचऱ्याची जमीन व रोज किमान सहा तास ऊन आवश्यक असते. नत्रयुक्त खत बेतानेच द्यावे.

सायबेरियन व जपानी आयरिसला ओलसर, किंचित आम्ल माती मानवते. त्यांची मुळे पूर्ण झाकतात. डच आयरिस कंदांपासून वाढते. कंद शरद ऋतूत सुमारे 10 सेंमी. खोल लावतात.