स्टेंट न बसवता केलेली अँजिओप्लास्टी

जिना चढताना छाती भरून येते, थांबलं की ओसरते. हा स्थिर अंजायना. अँजिओग्राफीत एका धमनीत मोठा अडथळा दिसतो, स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी) बसतो आणि महिन्याभरात रुग्ण म्हणतो, आता तीन मजले सहज चढतो. स्टेंटनेच गुण आला, यात शंका ती कसली?

शंकेला जागा आहे. माणूस दवाखान्यात येतो तोच दुखणं जोरात असताना; पुढे ते थोडं आपोआपही उतरतं. शिवाय ‘नळी मोकळी झाली’ हे ऐकलं की चालायचा धीर येतो. लिंबू-आलं-लसणाच्या काढ्याने ‘ब्लॉकेज विरघळल्याचे’ व्हॉट्सअ‍ॅपवरचे अनुभव याच दोन गोष्टींवर उभे असतात. मग काढ्याला लावतो ती चाळणी, म्हणजे खऱ्या उपचाराची खोट्या उपचाराशी तुलना, स्टेंटलाही लावायला नको?

हृदयाच्या धमनीची पहिली अँजिओप्लास्टी (अडलेली धमनी आतून रुंद करणं) झुरिचमध्ये 1977 साली झाली. ही चाळणी लावायला 2017 उजाडलं. (आपल्याकडे त्या वर्षी वाद चालला होता तो स्टेंटच्या किमतीचा!) ब्रिटनमधल्या पाच केंद्रांतल्या या चाचणीचं नाव ऑर्बिटा. एकाच धमनीत 70 टक्के किंवा जास्त अडथळा असलेले रुग्ण निवडले आणि आधी सहा आठवडे औषधांचे डोस नीट बसवले. मग 200 जणांना कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत) घेतलं.

खरी करामत पुढे आहे. रुग्णाच्या कानाला हेडफोन, त्यात संगीत. कॅथेटर (बारीक लवचिक नळी) आत, दाब मोजणारी तार अडथळ्यापलीकडे. मग गुंगी आणि त्यानंतर चिठ्ठी: 105 जणांना स्टेंट, 95 जणांना काहीच नाही. ज्यांना काही करायचं नाही, त्यांनाही किमान 15 मिनिटं टेबलावर ठेवलं, कारण लवकर बाहेर आलेला रुग्ण ओळखला जातो. वॉर्डातल्या डॉक्टर-नर्सना कोणाला काय केलं ते ठाऊक नव्हतं, कारण त्यांच्या चेहऱ्यावरूनही रुग्ण ताडतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दोन्ही गटांना सारख्याच. ही फसवणूक नव्हे. चिठ्ठीत काहीही निघू शकतं, हे मान्य करूनच सगळे आले होते. पण धोका होताच: तारेमुळे गुंतागुंत झाल्याने स्टेंट न घालायच्या गटातल्या चौघांना स्टेंट घालावा लागला.

सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर स्टेंटवाले आधीपेक्षा 28.4 सेकंद जास्त चालले, बाकीचे 11.8. फरक 16.6 सेकंदांचा, पण त्याची 95 टक्के विश्वास-मर्यादा (खरा फरक बहुधा ज्या पट्ट्यात असेल ती) उणे 8.9 ते अधिक 42, म्हणजे शून्य तिच्या पोटातच. असा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो.

‘स्टेंट निरुपयोगी’ असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरला असता. सगळे आधीच भरपूर औषधांवर होते. सुधारायला वाव थोडाच उरला होता. म्हणून 2023 च्या ऑर्बिटा-2 मध्ये अंजायनाची औषधं आधी बंद केली. 301 रुग्ण, 12 आठवडे, तीच खोटी प्रक्रिया. या वेळी स्टेंटवाले सरासरी 701 सेकंद चालले, दुसरा गट 641. दुखणंही स्पष्ट कमी होतं. म्हणजे स्टेंटने आराम पडतो, पण चांगल्या औषधोपचारावर त्याची भर थोडी.

आयुष्य वाढतं का, हे इतक्या लहान चाचण्यांतून कळत नाही. त्यासाठी 5179 स्थिर रुग्णांची इस्केमिया चाचणी आहे (2020). त्यात एका गटात औषधांसोबत अँजिओग्राफी आणि गरजेनुसार स्टेंट किंवा बायपास, दुसऱ्यात सुरुवातीला फक्त औषधं. मृत्यू 145 आणि 144. मुख्य डाव्या धमनीत मोठा अडथळा असलेले यातून वगळले होते. आणि हार्ट अटॅक सुरू असेल तर यातलं काहीच लागू नाही. तेव्हा तातडीची अँजिओप्लास्टी जीव वाचवते. तिथे मिनिटं मोजायची असतात.