स्वयमवरील अभ्यासक्रमाचे श्रेयांक पदवीत जमा करून घेताना: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज अडतो त्या जागा

प्रत्येक सत्राच्या अखेरीस प्रथम आणि द्वितीय वर्षाचे काही विद्यार्थी स्वयम या सरकारी संकेतस्थळाचे किंवा त्यावर अभ्यासक्रम चालवणाऱ्या एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमाचे प्रमाणपत्र घेऊन महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात येतात आणि हे श्रेयांक (क्रेडिट) गुणपत्रिकेत धरता येणार नाहीत, असे उत्तर ऐकून परत जातात. प्रमाणपत्र खरे असते, गुण चांगले असतात, बारा आठवडे रात्री जागून केलेला अभ्यासही खरा असतो. तरीही अर्ज नाकारला जातो आणि त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: अभ्यासक्रम आधी पूर्ण केला आणि परवानगी नंतर मागितली. अनेक वर्षे असे अर्ज हाताळल्यानंतर ही माहिती लिहिण्याचा हेतू एवढाच आहे की, ज्यांना येत्या जुलै किंवा जानेवारीच्या सत्रात नावनोंदणी करायची आहे, त्यांनी कामाचा क्रम उलटा करू नये.

स्वयम हे केंद्र सरकारचे मुक्त शिक्षणाचे संकेतस्थळ असून त्याचे औपचारिक उद्घाटन ९ जुलै २०१७ रोजी झाले. प्रत्येक अभ्यासक्रमात दृक्‌श्राव्य व्याख्याने, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि शंकांसाठी चर्चामंच असे चार भाग असतात. मानसशास्त्राची ओळख, सूक्ष्म अर्थशास्त्र, वित्तीय लेखांकन, संगणक-आज्ञावलीची तोंडओळख असे पदवीच्या पहिल्या पायरीवरचे पुष्कळ विषय तेथे आहेत. नावनोंदणी आणि अभ्यास पूर्णपणे मोफत आहे. शुल्क लागते ते फक्त परीक्षेला बसणाऱ्याला. त्यामुळे केवळ शिकण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही, कोणतेही पुस्तक विकत घ्यावे लागत नाही आणि पुढील मजकूरही अशा वाचकासाठी नाही. हेच शिक्षण आपल्या बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी.च्या गुणपत्रिकेत मोजले जावे असे ज्याला वाटते, त्याच्यासाठी प्रक्रिया सुरू होते.

या प्रक्रियेचा आधार विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्च २०२१ मध्ये अधिसूचित केलेले विनियम हा आहे. २०१६ च्या विनियमांत एका सत्रातील वीस टक्क्यांपर्यंतच अभ्यासक्रम स्वयमवरून करण्याची मुभा होती. २०२१ मध्ये ती मर्यादा चाळीस टक्क्यांपर्यंत वाढली. हे चाळीस टक्के अनेक जण चुकीचे वाचतात. सत्रातील कोणतेही चाळीस टक्के विषय आपल्या मर्जीने बाहेरून करता येतील, असा त्याचा अर्थ नाही. संस्था कमाल किती प्रमाणात परवानगी देऊ शकते, हे तो आकडा सांगतो, आणि कोणत्या विषयाच्या जागी कोणता अभ्यासक्रम चालेल हे संस्थेच्या सक्षम प्राधिकरणाने ठरवायचे असते. पात्रतेच्या बाकीच्या अटी साध्या आहेत: विद्यार्थी मान्यताप्राप्त संस्थेत नियमित प्रवेश घेतलेला असावा आणि निवडलेला अभ्यासक्रम त्याच सत्रात चालू असावा.

आता ज्या कागदावर सगळे अडते त्याकडे वळू. सत्राची यादी स्वयमकडून जाहीर झाल्यावर संस्थेने चार आठवड्यांच्या आत त्यातील कोणते अभ्यासक्रम स्वीकारायचे हे ठरवावे, असे विनियम सांगतात. हा निर्णय विद्या परिषदेच्या ठरावाच्या किंवा समकक्षतेच्या यादीच्या (कोणता अभ्यासक्रम कोणत्या विषयाच्या बरोबरीचा, याच्या यादीच्या) रूपात असतो. प्रत्यक्षात कित्येक महाविद्यालयांत अशी यादी केलीच जात नाही, केली तर ती एखाद्या फायलीत पडून राहते, आणि विद्यार्थ्याला मात्र सत्र संपल्यावर विचारले जाते की तुमचा अभ्यासक्रम मंजूर यादीत आहे का. जो कागद तयार करणे हे संस्थेचे काम आहे, तो न दाखवल्याबद्दल विद्यार्थ्याचे सत्र अडवणे अन्यायाचे आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. परंतु अन्याय सिद्ध होईपर्यंत वर्ष निघून जाते, म्हणून सावधगिरी विद्यार्थ्यानेच बाळगलेली बरी.

त्यासाठी प्रथम आपले महाविद्यालय स्वायत्त आहे की विद्यापीठाशी संलग्न, हे पाहावे. स्वायत्त महाविद्यालयात निर्णय तेथील अभ्यासमंडळ आणि विद्या परिषद घेते, त्यामुळे विभागप्रमुखांकडे विचारणा पुरते. संलग्न महाविद्यालयात प्राचार्यांची तोंडी संमती पुरेशी नसते, कारण गुणपत्रिका विद्यापीठ देते. तेथे विद्यापीठाचे परिपत्रक आणि त्यासोबतची यादी पाहिल्याशिवाय नावनोंदणी करू नये. ‘मागच्या वर्षी एकाचे झाले होते’ हा आधार धरू नये. अभ्यासक्रम दर सत्राला बदलतात आणि मागील वर्षीची मंजुरी पुढे आपोआप चालू राहत नाही.

परवानगीचा अर्ज प्राचार्यांच्या नावे, विभागप्रमुखांच्या शिफारशीसह, लेखी स्वरूपात द्यावा. त्यात अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव, तो चालवणारी संस्था व प्राध्यापक, आठवड्यांची संख्या, श्रेयांक, आणि आपल्या सत्रातील कोणत्या विषयाच्या जागी तो घ्यायचा आहे हे विषयाच्या सांकेतिक क्रमांकासह लिहावे. सोबत स्वयमच्या पानावरील आठवडानिहाय अभ्यासक्रमाची छापील प्रत आणि आपल्या विषयाचा अभ्यासक्रम जोडावा. दोन्ही शेजारी ठेवल्यावर समकक्षता तपासणाऱ्या शिक्षकाचे काम सोपे होते आणि अर्ज टेबलावर पडून राहत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती प्रत जपून ठेवावी. ही पोच नसल्यामुळे, अर्ज खरोखर वेळेत दिलेला असूनही तो दिलाच नव्हता असे ऐकून घ्यावे लागलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या बाजूने बोलायला माझ्याकडेही काही नव्हते.

नकाराचे दुसरे मोठे कारण श्रेयांकांचे गणित हे आहे. एनपीटीईएलच्या पद्धतीत चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला एक, आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला दोन आणि बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला तीन श्रेयांक सुचवलेले असतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे जी नवी रचना आली आहे, तीत प्रथम वर्षाचे खुले ऐच्छिक विषय, कौशल्य विषय, भारतीय ज्ञानप्रणाली यांसारखे घटक बहुधा दोन किंवा चार श्रेयांकांचे असतात. बारा आठवड्यांचा तीन श्रेयांकांचा अभ्यासक्रम चार श्रेयांकांच्या विषयाला एका श्रेयांकाने कमी पडतो, आणि उरलेला एक श्रेयांक कोठून आणायचा याचे उत्तर परीक्षा विभागाकडे नसते. म्हणून दोन श्रेयांकांच्या जागेसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम निवडणे सर्वांत सुरक्षित आहे. विषय अधिक आकर्षक वाटला म्हणून जास्त आठवड्यांचा अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी हे गणित कागदावर करून पाहावे. प्रात्यक्षिक असलेल्या विषयात प्रात्यक्षिकाची व्यवस्था आपल्या महाविद्यालयानेच करायची असते, हेही अर्जातच लिहून घ्यावे.

नावनोंदणी करणे सोपे आहे. ईमेल पत्त्याने खाते उघडावे, अभ्यासक्रम निवडावा आणि आपल्या महाविद्यालयाचे नाव यादीतून अचूक निवडावे. येथे एकच इशारा आहे. पुढे परीक्षेचा अर्ज भरताना हाच ईमेल पत्ता वापरावा लागतो. नावनोंदणी एका पत्त्याने आणि परीक्षेचा अर्ज दुसऱ्या पत्त्याने केला, तर स्वाध्यायांचे (दर आठवड्याला सोडवून द्यायच्या प्रश्नसंचांचे) गुण परीक्षेच्या गुणांशी जुळत नाहीत.

याच टप्प्यावर सर्वाधिक विद्यार्थी मुदत चुकवतात, कारण नावनोंदणी आणि परीक्षा-नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या अंतिम तारखाही वेगळ्या आहेत. अभ्यासक्रमात नाव असणे म्हणजे परीक्षेला बसण्याचा अर्ज झाला, असे नव्हे. परीक्षेचा अर्ज स्वतंत्र संकेतस्थळावर, शुल्क भरून आणि परीक्षा-शहर निवडून करावा लागतो, आणि त्याची मुदत अभ्यासक्रम निम्म्यावर असतानाच संपू शकते. एनपीटीईएल आपल्या अभ्यासक्रमांची परीक्षा स्वतः घेते; स्वयमवर अभ्यासक्रम चालवणाऱ्या इतर समन्वयक संस्थांच्या अभ्यासक्रमांची परीक्षा राष्ट्रीय चाचणी संस्था घेते. त्यामुळे मित्राला आलेली तारीख आपल्यालाही लागू आहे असे समजू नये. दोन अभ्यासक्रम घेतले असतील, तर दोन्हींची परीक्षा एकाच दिवशी एकाच वेळेत येत नाही ना, हे अर्ज भरतानाच तपासावे. नंतर वेळ बदलून मिळेल या भरवशावर राहू नये.

गुणांच्या बाबतीत एक अट अशी आहे की, जी माहीत नसल्यामुळे चांगले विद्यार्थी फसतात. एनपीटीईएलमध्ये स्वाध्यायांना २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. प्रमाणपत्रासाठी एकूण ४० गुण पुरत नाहीत. स्वाध्यायांत २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० असे दोन्हीकडे स्वतंत्रपणे मिळावे लागतात. एखाद्याला परीक्षेत ६० आणि स्वाध्यायांत ९ गुण मिळाले, तर बेरीज ६९ होते, तरीही प्रमाणपत्र मिळत नाही. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ, आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम सहा आणि चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम तीन स्वाध्याय मोजले जातात. त्यामुळे एखादा आठवडा आजारपणात किंवा घरच्या कार्यात गेला तरी घाबरण्याचे कारण नाही. पण सुरुवातीचे चार-पाच स्वाध्याय सोडून शेवटी सगळे भरून काढू, हा विचार पूर्णपणे चुकीचा आहे, कारण मुदत उलटून गेलेला स्वाध्याय पुन्हा उघडत नाही. राष्ट्रीय चाचणी संस्थेच्या परीक्षेतही अंतर्गत मूल्यमापन आणि अंतिम परीक्षा या दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते.

कागदपत्रांमध्ये सर्वाधिक त्रास नावाचा होतो. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव अशी पद्धत आहे. आधार कार्डावर अनेकांचे आडनाव शेवटी असते, काहींच्या कार्डावर वडिलांचे नावच नसते, आणि लग्नानंतर शिक्षण पुढे चालू ठेवणाऱ्या मुलींच्या कागदपत्रांवर दोन वेगवेगळी आडनावे असतात. श्रेयांक जमा होण्यासाठी शैक्षणिक श्रेयांक बँकेचे (विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेचे) खाते, म्हणजे आता अपार हा विद्यार्थ्याचा बारा अंकी ओळख क्रमांक, लागतो. तो डिजिलॉकरमार्फत आधारच्या आधाराने तयार होतो, त्यामुळे त्यावरचे नाव आधारप्रमाणे असते, तर महाविद्यालयाच्या नोंदीतले नाव गुणपत्रिकेप्रमाणे. ही दोन नावे जुळली नाहीत की श्रेयांक कोणाच्याच खात्यावर दिसत नाहीत. परीक्षेच्या अर्जात लिहिलेले नाव प्रमाणपत्रावर छापले जाते, म्हणून तेथे घाईने टोपणनाव किंवा अर्धे नाव लिहू नये. आधारमध्ये दुरुस्ती करायची असल्यास ती सत्राच्या सुरुवातीलाच करावी आणि आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, हेही पाहावे. अनेक घरांत तो क्रमांक वडिलांच्या जुन्या, बंद पडलेल्या फोनचा असतो, आणि पडताळणीचा सांकेतिक संदेश (ओटीपी) त्या बंद क्रमांकावर जात राहतो.

अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात सवलत आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची स्पष्ट प्रत अर्ज भरतानाच जोडावी लागते. परीक्षेच्या दिवशी प्रवेशपत्राची छापील प्रत आणि मूळ छायाचित्र ओळखपत्र बरोबर न्यावे. परीक्षा-शहर निवडताना तालुक्याच्या ठिकाणचे केंद्र मिळेल असे गृहीत धरू नये. ज्यांना आदल्या रात्री प्रवास करावा लागणार आहे, त्यांनी दुपारचे सत्र उपलब्ध असल्यास ते निवडावे.

निकालानंतर प्रमाणपत्राची प्रत, परवानगीच्या अर्जाची पोच, मंजूर यादीतील संबंधित पान आणि अपार क्रमांक असा संच दुसऱ्या अर्जासह परीक्षा विभागाकडे द्यावा. प्रमाणपत्र हाती आल्यावर श्रेयांक आपोआप गुणपत्रिकेत येतात हा समज चुकीचा आहे. शिवाय स्वयमचा निकाल अनेकदा महाविद्यालयाच्या निकालानंतर लागतो, आणि मधल्या काळात विद्यार्थी त्या विषयात अनुपस्थित किंवा अनुत्तीर्ण दाखवला जातो. हे टाळण्यासाठी सत्रपरीक्षेच्या अर्जाबरोबरच, अमुक विषयाचे गुण स्वयममार्फत येणार असल्याने निकाल राखून ठेवावा, असे एक पत्र द्यावे. श्रेयांक बँकेत जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात, त्यामुळे एखाद्या सत्रात ते धरले गेले नाहीत तरी ते बुडाले असे समजून पुन्हा शुल्क भरू नये.

आधी लेखी परवानगी घेऊनही अर्ज नाकारला गेला, तर नकार लेखी मागावा. विनियमांप्रमाणे स्वयमवर मिळवलेले श्रेयांक संस्थेने नाकारू नयेत, असे अपेक्षित आहे, आणि २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे. या समितीने तक्रार मिळाल्यापासून पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि निर्णय मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून पंधरा दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे अपील करता येते. या अपिलालाही तीच आवक क्रमांकाची प्रत जोडावी लागते.