टीएसओपी खराब आहे म्हणण्याआधी
(इन्फ्रारेड रिसीव्हर आणि एलईडी मायक्रोकंट्रोलरला जोडणाऱ्या ग्राहकांसाठी)

आमच्या काउंटरवर तक्रारीसह परत येणारा माल पाहिला तर त्यात तीन पायांचा काळा इन्फ्रारेड रिसीव्हर, म्हणजे टीएसओपी, हमखास असतो. "चालत नाही, बदलून द्या." आम्ही तो ग्राहकासमोरच ५ व्होल्टवर लावतो. आउटपुट आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर आणि साधा लाल एलईडी जोडतो आणि टीव्हीचा रिमोट दाबतो. एलईडी लुकलुकतो. बहुतेक वेळा रिसीव्हर ठणठणीत असतो, चुकलेली असते ती जोडणी. ही तपासणी घरी कशी करायची आणि चूक नेमकी कुठे होते, ते सांगण्यासाठी हे पत्रक.

आधी पाय

रिसीव्हरचा फुगीर डोळा तुमच्याकडे आणि पाय खाली असा धरा. टीएसओपी १७३८ मध्ये डावीकडून ग्राउंड, पुरवठा, आउटपुट असा क्रम असतो. टीएसओपी ४८३८, टीएसओपी ३८२३८ आणि व्हीएस १८३८ बी यांच्यात मात्र आउटपुट, ग्राउंड, पुरवठा असा. जुन्या प्रोजेक्ट रिपोर्टांत सर्किट छापलेलं असतं १७३८ चं, आणि हातात पडतो १८३८. छापलेल्या क्रमाने तो लावला की त्याच्या ग्राउंडच्या पायावर ५ व्होल्ट जातात आणि आउटपुट ग्राउंडला टेकतं. बोट लावून पाहा, भाग तापलेला असेल. ताबडतोब पुरवठा काढा. अशा रिसीव्हरवर नंतर भरवसा ठेवू नये.

व्होल्टेजचंही तसंच. १७३८ हा ५ व्होल्टचा भाग आहे. ईएसपी ३२ सारख्या ३.३ व्होल्टच्या बोर्डासाठी ३८२३८ किंवा १८३८ बी घ्या आणि त्याला ३.३ व्होल्टच द्या. रिसीव्हर ५ व्होल्टवर चालवला तर त्याचं आउटपुटही तेवढंच वर जातं आणि ईएसपीच्या पिनला ते सोसत नाही.

हा प्रकाश मोजणारा भाग नाही

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. आत फोटोडायोड आहे, पण त्याच्यामागे अँप्लिफायर, ३८ किलोहर्ट्झचा फिल्टर आणि आपोआप कमी-जास्त होणारा गेन (सिग्नल किती पट मोठा करायचा ते प्रमाण) आहे. सेकंदाला ३८,००० वेळा चालू-बंद होणारा इन्फ्रारेड आला की आउटपुट खाली जातं, एरवी ते वरच राहतं. म्हणजे सिग्नल उलटा मिळतो, कोड लिहिताना हे ध्यानात ठेवा. साधा पेटता इन्फ्रारेड एलईडी समोर धरला तर काहीच होणार नाही, आणि तसंच व्हायला हवं. नाहीतर खिडकीतल्या उन्हाने तुमचा टीव्ही चॅनेल बदलत बसला असता.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. ३८ किलोहर्ट्झ अखंड पाठवत राहिलात तर रिसीव्हर त्याला गोंगाट समजून आपला गेन उतरवतो आणि थोड्या वेळात गप्प होतो. दारात किरण तुटला की बझर वाजवायचा, या प्रोजेक्टमध्ये हमखास हेच होतं. पहिले काही क्षण चालतं, मग बंद. त्या कामासाठी स्थिर गेनचा टीएसएसपी ४०३८ मिळतो, तो मागा. घरात १८३८ च असेल तर किरण सलग न सोडता छोट्या तुकड्यांत, मध्ये मोकळी जागा ठेवून सोडा.

विजेच्या मीटरवरच्या ऑप्टिकल पोर्टसाठीही (प्रकाशाने डेटा देणाऱ्या जागेसाठी) हा रिसीव्हर नेऊ नका. तिथला प्रकाश ३८ किलोहर्ट्झने तोडलेला नसतो.

पुरवठा स्वच्छ ठेवा

पुरवठ्याच्या वाटेत १०० ओहम आणि रिसीव्हरच्या पायांजवळ ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. "जवळ" म्हणजे ब्रेडबोर्डच्या दुसऱ्या टोकाला नव्हे, पायांना लागून. त्याच पुरवठ्यावर मोटर किंवा रिले असेल तर हा कपॅसिटर वगळणं म्हणजे रिमोट न दाबता कोड येणं. जुने सीएफएलही त्रास देतात, कारण त्यांचा चोक याच फ्रिक्वेन्सीच्या आसपास चालतो.

आउटपुट थेट इनपुट पिनला जातं. ८०५१ मायक्रोकंट्रोलरवर पी ३.२ ही पिन घ्या, म्हणजे एक्स्टर्नल इंटरप्ट (सिग्नल येताच प्रोग्रॅमला हटकणारी सोय) वापरता येतो. आर्डुइनो उनोवर आयआररिमोट लायब्ररी टायमर २ वापरते. म्हणून त्याच प्रोग्रॅममध्ये टोन फंक्शनने बझर वाजवायला गेलात की दोघांची भांडणं लागतात. ही चूक शोधण्यात पोरांच्या अख्ख्या रात्री गेलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. कोड बरोबर, जोडणी बरोबर, तरी चालत नाही. कारण एवढंच असतं.

आलेला सिग्नल वाचायचा कसा? बाजारातल्या स्वस्त रिमोटांत बटणाचा कोड पाठवायची सर्रास एनईसी पद्धत असते. ९ मिलिसेकंदांचा ठोका (तेवढा वेळ ३८ किलोहर्ट्झचा प्रकाश), ४.५ मिलिसेकंद शांतता, मग ३२ बिट. प्रत्येक बिटचा ठोका सारखाच, ५६२.५ मायक्रोसेकंदांचा, फरक त्याच्या मागच्या शांततेत. ठोका आणि शांतता मिळून १.१२५ मिलिसेकंद झाले तर शून्य, २.२५ झाले तर एक. पत्ता आणि बटणाचा आकडा यांच्यामागोमाग त्यांच्या उलट्या प्रती येतात, त्या ताडून पाहायला विसरू नका. फिलिप्सची आरसी ५ पद्धत ३६ वर आणि सोनीची ४० किलोहर्ट्झवर चालते. ३८ चा रिसीव्हर त्यांनाही ऐकतो, फक्त अंतर घटतं.

पाठवणारी बाजू

एलईडी ९४० नॅनोमीटरचा घ्या. तो थेट पिनवर लावून "दोन फुटांच्या पुढे जात नाही" असं सांगणारे ग्राहक रोज येतात. पिनमधून २० मिलिअँपिअरच्या आसपास करंट घ्यावा, रिमोटच्या अंतरासाठी १०० तरी हवा. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर. बीसी ५४७ ची कमाल मर्यादाच १०० आहे, तेव्हा बीसी ३३७ घ्या. हिशोब असा: ५ व्होल्टमधून एलईडीचे सुमारे १.३५ आणि ट्रान्झिस्टरचे ०.२ वजा केले की ३.४५ उरतात. ०.१ अँपिअरने भागलं की ३४.५, म्हणजे ३३ ओहम. बेसला ४७० ओहम. मायक्रोकंट्रोलर आणि एलईडी यांचं ग्राउंड एकच हवं.

एक इशारा. कोड मध्येच अडकून पिन चालूच राहिली तर ३३ ओहममधून ०.१ अँपिअरचाच करंट जातो, पण तो सलग जातो. त्यात ०.३३ वॅट उष्णता होते आणि पाव वॅटचा रेझिस्टर काळा पडतो. पहिली चाचणी घेताना अर्ध्या वॅटचा लावा.

३८ किलोहर्ट्झचं एक आवर्तन २६.३ मायक्रोसेकंदांचं. त्यात एलईडी सुमारे ९ मायक्रोसेकंद पेटता ठेवला तरी पुरतं. डिलेने ही वेळ सांभाळण्यापेक्षा टायमर वापरा. ईएसपी ३२ मध्ये आरएमटी नावाचा भाग यासाठी आयताच आहे. एलईडी पेटतो का, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यात जांभळट दिसतं. मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो, सेल्फी कॅमेऱ्याने पाहा.

दोन कंट्रोलर एकमेकांशी बोलवायचे असतील तर सीरियल पोर्टचा डेटा याच रिसीव्हरमधून पाठवता येतो, पण १२०० बॉडच्या (सेकंदाला १२०० बिट) वर जाऊ नका. त्या वेगात एका बिटमध्ये ३८ किलोहर्ट्झची जेमतेम ३१ आवर्तनं बसतात. ९६०० वर ती ४ च उरतात, आणि रिसीव्हरला ठोका ओळखायला साधारण १० तरी लागतात. सलग शून्यांचे बाइटही टाळा, कारण ते त्याला अखंड प्रकाशच वाटतात. याहून वेग हवा असेल तर इर्डाचे (इन्फ्रारेडने डेटा पाठवायची ठरलेली पद्धत) ट्रान्सीव्हर घ्या. टीएफडीयू ४१०१ हा ११५.२ किलोबिटपर्यंत जातो, मात्र अंतर मीटरभराचंच.

एवढं करूनही अडलं तर बोर्ड जसाच्या तसा, तारा न काढता दुकानात घेऊन या. सुटा रिसीव्हर आणलात तर आम्हाला फक्त तो चांगला आहे एवढंच सांगता येतं. तपासणीचे पैसे घेत नाही. उलटा जोडून जळालेला भाग बदलून मिळणार नाही, पण नवा लावण्याआधी जोडणी आमच्यासमोर एकदा पाहून घ्या.