आर्क्टिक समुद्रात तेलविहीर खणायची, तर धुराचा हिशेब कुणाला द्यायचा? अलास्कातली अर्ज प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रं

अलास्काच्या उत्तरेला बोफर्ट आणि चुकची हे दोन समुद्र आहेत. तिथे तेल शोधणाऱ्या जहाजांच्या धुरावर अंमल कुणाचा, असं विचारलं की जुने लेख एकच उत्तर देतात: ईपीए, म्हणजे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था. २०११ च्या डिसेंबरपर्यंत हे उत्तर बरोबर होतं. २३ डिसेंबरला सरकारी खर्चाला मंजुरी देणाऱ्या एका जाडजूड कायद्यावर सही झाली. त्यातल्या कलम ४३२ ने नॉर्थ स्लोप बरो या प्रदेशालगतच्या समुद्रावरची हवा ईपीएकडून काढून इंटिरियर खात्याकडे दिली. हे खातं जमीन आणि खनिजं सांभाळतं, तेलाचे भाडेपट्टेही तेच विकतं. स्वच्छ हवेच्या कायद्यातला एवढा मोठा बदल खर्चाच्या विधेयकात घालून मंजूर करून घ्यावा हे मला तरी पटत नाही. पण नियम आता तोच आहे, आणि अर्ज त्याप्रमाणेच करावा लागतो.

ही माहिती पर्यावरण कायद्याच्या विद्यार्थ्यांना, तेलक्षेत्रात नोकरी करणाऱ्यांना आणि या विषयावर लिहिणाऱ्यांना उपयोगी पडावी.

धूर येतो कुठून

मुंबई हायच्या रिगवर काम केलेल्यांना हे सांगायला नको. ड्रिलिंग रिग म्हणजे डिझेल इंजिनांचा तांडा. ड्रिल फिरवायला, चिखल पंप करायला, क्रेन चालवायला, कामगारांच्या खोल्या उबदार ठेवायला सगळीकडे जनरेटर आणि बॉयलर लागतात. आर्क्टिकमध्ये त्यात बर्फ फोडणाऱ्या जहाजांची भर पडते. मुख्य ड्रिलशिप एका जागी नांगरलेली असते आणि तिच्याकडे सरकणारे हिमखंड अडवायला आइसब्रेकर सतत इंजिनं तापवून फिरत असतात. तेलगळती झालीच तर धावून जाणारी जहाजं आणि रसद आणणाऱ्या बोटी वेगळ्याच. यातून नायट्रोजन ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायऑक्साइड आणि बारीक काजळी बाहेर पडते. बहुतेक धूर सोबतच्या ताफ्याचाच असतो. म्हणूनच हिशेबात कोणती जहाजं धरायची यावर इथे वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या.

आधी हद्द पाहा

जमीन कोणत्या तलाठ्याच्या सज्जात येते हे कळल्याशिवाय सातबारा निघत नाही, तसंच इथेही आहे. किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपर्यंतचा, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटरचा समुद्र अलास्का राज्याचा. तिथली हवा राज्याचा पर्यावरण संवर्धन विभाग पाहतो. त्यापलीकडचं पाणी केंद्र सरकारचं. ते बोफर्ट किंवा चुकचीमध्ये येत असेल तर अर्ज ब्युरो ऑफ ओशन एनर्जी मॅनेजमेंट, थोडक्यात बोएम, या संस्थेच्या अँकरेजमधल्या कार्यालयात जातो.

एक गोष्ट हमखास चुकते. हा बदल संपूर्ण अलास्कासाठी नाही. दक्षिणेकडच्या कुक इनलेटमध्ये केंद्राच्या पाण्यात विहीर खणायची असेल तर हवेचा परवाना आजही ईपीएकडूनच, तिच्या सिएटलच्या कार्यालयातून घ्यावा लागतो. म्हणजे एकाच राज्याच्या दोन टोकांना दोन वेगळी दारं.

अर्ज कोण करू शकतो

भाडेपट्टा हातात नसेल तर आराखडा सादर करता येत नाही. भाडेपट्टा घ्यायला अमेरिकी नागरिक, कायम रहिवासी किंवा अमेरिकेच्या कायद्याखाली नोंदवलेली कंपनी असावं लागतं. परदेशी कंपनीला तिथे उपकंपनी काढावी लागते. शेल या तेल कंपनीने हेच केलं. चुकचीसाठी शेल गल्फ ऑफ मेक्सिको आणि बोफर्टसाठी शेल ऑफशोअर अशा तिच्या दोन अमेरिकी कंपन्यांच्या नावावर कागद होते. फेब्रुवारी २००८ मधल्या चुकचीच्या लिलावात एकूण सुमारे २.६६ अब्ज डॉलरच्या बोली स्वीकारल्या गेल्या, त्यातल्या सुमारे २.१ अब्ज एकट्या शेलच्या. एवढे पैसे मोजूनही विहीर खणायची परवानगी मिळत नाही. मिळतो तो फक्त अर्ज करायचा हक्क.

कागदपत्रं

मुख्य कागद म्हणजे शोध आराखडा. त्यात विहिरीची जागा, नकाशे, गळतीशी सामना करायची तयारी, सांडपाणी, वन्यजीव, बर्फ वाढला तर काम कधी थांबवणार, मदतीची जहाजं आणि विमानं कोणती, अशी बरीच प्रकरणं असतात. त्याच्या दोन प्रती लागतात. एकीत गोपनीय माहितीसह सगळं, दुसरी जनतेसाठी.

२०१६ च्या आर्क्टिक नियमांनी आणखी एक पायरी वाढवली. शोध आराखडा देण्याच्या किमान ९० दिवस आधी एकात्मिक कामकाज आराखडा द्यायचा. जहाजं, कंत्राटदार, हवामान, बर्फ या सगळ्याचा मेळ कसा घालणार हे त्यात लिहायचं. त्याला औपचारिक मंजुरी नसते. तो कळवायचा एवढंच.

आता हवेचा भाग, जो आपला विषय आहे. तो संघीय नियमावलीच्या शीर्षक ३० मधल्या भाग ५५० मध्ये, कलम २१८ खाली येतो. ड्रिलिंग युनिटवरच्या आणि त्याच्याशी संबंधित प्रत्येक स्रोताचा तक्ता द्यावा लागतो: तासाला जास्तीत जास्त किती धूर, वर्षाला किती टन, पूर्ण कामाच्या काळात किती, आणि किती वेळा व किती वेळ. चाचणीसाठी वायू जाळणार असाल तर तोही धरायचा. आकडे इंजिनाच्या कमाल क्षमतेवर काढायचे. ‘आम्ही निम्म्याच भारावर चालवू’ हे तोंडी सांगून भागत नाही. इंजिनांचा आकार आणि गणिताचा आधार जोडायचा. रिग अजून ठरली नसेल तर त्या प्रकारच्या रिगचा सर्वाधिक अंदाज लिहायचा. धूर कमी करायचे उपाय आणि इंधनाची माहितीही द्यायची. आणि किनाऱ्यापासूनचं अंतर.

सगळं अडतं अंतरावर

हे अंतर दिसायला किरकोळ, पण अर्जाचं भवितव्य तेच ठरवतं. बोएमच्या नियमात सूट मिळण्याचं एक सूत्र आहे. नायट्रोजन ऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड वगैरेंसाठी किनाऱ्यापासूनचे मैल गुणिले ३३.३, जे येईल तितके टन वर्षाला. कार्बन मोनॉक्साइडसाठी अंतराचा दोन तृतीयांश घात घेऊन त्याला ३४०० ने गुणायचं. तुमचा धूर या आकड्याच्या आत असेल तर पुढची छाननी सहसा नाही.

मांडून पाहू. विहीर १० मैलांवर असेल तर नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ३३३ टन. ६० मैलांवर असेल तर १९९८ टन, आणि कार्बन मोनॉक्साइडची ५२ हजार टनांच्या घरात. (हे अमेरिकी टन, एक टन म्हणजे साधारण ९०७ किलो.) आता हे आकडे ईपीएच्या जुन्या पद्धतीशेजारी ठेवा. तिथे ड्रिलशिपसारखा स्रोत वर्षाला २५० टनांवर गेला की ‘मोठा’ ठरायचा आणि सगळ्या कडक अटी लागू व्हायच्या, मग किनारा कितीही दूर असो. समुद्र तोच आणि जहाजही तेच. दार बदललं तशी ६० मैलांवरच्या विहिरीसाठी उंबरठ्याची उंची आठपट झाली.

सूत्रामागचा विचार असा की धूर जमिनीपर्यंत पोचेतो विरळ होतो आणि माणसं राहतात ती जमिनीवर. पण इथले इनुपिआत लोक होड्या घेऊन समुद्रात जातात. नुइक्सुतचे शिकारी तर गावापासून दूर क्रॉस आयलंडवर तळ ठोकून बोहेड देवमाशाची शिकार करतात. अंतर मोजलं जातं ते मात्र किनाऱ्यापासून.

सूट मिळाली नाही तर संगणकीय मॉडेल चालवून किनाऱ्यावरच्या हवेत किती भर पडेल ते दाखवायचं. ती ठरावीक पातळीपेक्षा जास्त निघाली तर उपलब्ध असलेलं सर्वोत्तम नियंत्रण तंत्र बसवायचं. एका जागी तीन वर्षांपेक्षा कमी काळ चालणारं काम ‘तात्पुरतं’ धरलं जातं. शोधाच्या विहिरी बहुधा याच खान्यात बसतात, आणि कायमच्या प्लॅटफॉर्मवर पडणाऱ्या आणखी कडक अटींतून त्या सुटतात. सूत्रात बसणाऱ्या प्रकल्पालाही, राज्याने ठोस माहिती दिली तर, अधिकारी छाननीत ओढू शकतो. ही तरतूद लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ईपीएच्या काळात काय व्हायचं

जुनी पद्धत समजल्याशिवाय कलम ४३२ का आलं ते कळत नाही. १९९० मध्ये स्वच्छ हवेच्या कायद्यात कलम ३२८ घातलं गेलं. त्याने मेक्सिकोच्या आखाताचा पश्चिम आणि मध्य भाग सोडून बाकी समुद्र ईपीएकडे दिला. ड्रिलशिपपासून २५ मैलांच्या आत वावरणाऱ्या मदतीच्या जहाजांचा धूरही ड्रिलशिपच्याच खात्यावर मांडायचा, असं ते कलम सांगतं.

डिस्कव्हरर हे शेलने भाड्याने घेतलेलं ड्रिलशिप मुळात १९६६ साली बांधलेलं, लाकडाचे ओंडके वाहून नेणारं जहाज. त्याला चुकचीसाठी मार्च २०१० मध्ये आणि बोफर्टसाठी एप्रिलमध्ये परवाना मिळाला. त्याच एप्रिलमध्ये नायट्रोजन डायऑक्साइडचं तासाभराचं नवं मानक लागू झालं. ३० डिसेंबर २०१० ला ईपीएच्याच अपील मंडळाने दोन्ही परवाने परत पाठवले. जहाज नेमक्या कोणत्या क्षणी ‘स्रोत’ बनतं याचं स्पष्टीकरण पुरेसं नव्हतं, आणि स्थानिक लोकांवरच्या परिणामाचा विचार नव्या मानकाकडे दुर्लक्ष करून केला होता. सप्टेंबर २०११ मध्ये सुधारित परवाने निघाले. जुलै ते नोव्हेंबर या काळात जास्तीत जास्त १२० दिवस काम, अत्यल्प गंधकाचं डिझेल, अशा अटी त्यात होत्या. जानेवारी २०१२ मध्ये अपिलं फेटाळली गेली.

आणि २०१२ च्या जूनमध्ये शेलनेच ईपीएला कळवलं की मुख्य जनरेटरना नायट्रोजन ऑक्साइड आणि अमोनियाची मर्यादा पाळता येत नाही. अमोनिया यात आला तो धूर गाळायच्या यंत्रणेमुळे. युरियाची फवारणी करून ती नायट्रोजन ऑक्साइड मोडते, आणि फवारणी जास्त झाली की अमोनिया चिमणीतून निसटतो. सप्टेंबर २०१३ मध्ये डिस्कव्हररपोटी ७ लाख १० हजार आणि कुलुक या दुसऱ्या रिगपोटी ३ लाख ९० हजार, असे एकूण ११ लाख डॉलर दंड भरून शेलने तडजोड केली. ईपीए उगाच छळते अशी तक्रार तेव्हा जोरात होती. कागदावरचा धूर आणि चिमणीतला धूर जुळला नाही, हेही तितकंच खरं.

अर्ज दिल्यावर

बोएम १५ कामकाजी दिवसांत कागद पूर्ण आहेत का ते पाहते. पूर्ण असतील तर आराखडा ‘दाखल’ मानला जातो आणि घड्याळ सुरू होतं. राज्यपालांकडे प्रत जाते, त्यांना मत द्यायला २१ दिवस. बोएमला ३० दिवसांत मंजूर, नामंजूर किंवा ‘सुधारून आणा’ यातलं एक सांगावंच लागतं. ही मुदत संसदेनेच कायद्यात घालून दिली आहे. पर्यावरणीय तपासणीही तेवढ्यातच.

आराखडा मंजूर झाला म्हणजे लगेच ड्रिल फिरवता येतं असं नाही. प्रत्येक विहिरीसाठी सुरक्षा पाहणाऱ्या बीएसईई या दुसऱ्या संस्थेकडून ड्रिलिंगचा वेगळा परवाना लागतो, आणि सागरी सस्तन प्राण्यांबाबतच्या परवानग्या त्याहून वेगळ्या. काम सुरू झाल्यावर उत्सर्जनाची नोंद ठेवून ठरलेल्या नमुन्यात कळवायची. आराखड्यात लिहिलेल्या आकड्यापेक्षा धूर वाढणार असेल तर आधी सुधारित आराखडा मंजूर करून घ्यायचा.

हरकत घ्यायची असेल तर

गावकरी, संस्था किंवा कुणीही बाधित व्यक्ती हरकत घेऊ शकते, पण क्रम चुकला की दार बंद. मंजुरीविरुद्ध थेट संघीय अपील न्यायालयात जायचं असतं, अलास्कासाठी ते नववं सर्किट. मुदत निर्णयापासून ६० दिवस. आणि ज्याने बोएमच्या प्रक्रियेत आधी भाग घेतला, त्यालाच हा मार्ग खुला असतो. ईपीएच्या परवान्यांना अपील मंडळाची मधली पायरी होती, इथे ती नाही. त्यामुळे जनतेसाठीची प्रत प्रसिद्ध होताच उत्सर्जनाचा तक्ता आणि किनाऱ्याचं अंतर ही दोन पानं आधी काढा, सूत्र स्वतः मांडून पाहा, ताफ्यातलं कुठलं जहाज गाळलंय का ते तपासा, आणि हरकत लेखी, मुदतीत नोंदवून तिची पोच जपून ठेवा.