पेशी-आसंजन व अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग

शेजारच्या पेशींनी एकमेकींना आणि खालच्या आधारपटलाला (पेशींच्या थराखालच्या पातळ पडद्याला) धरून राहणे म्हणजे पेशी-आसंजन. अष्ठीला ग्रंथीच्या, म्हणजे व्यवहारातल्या प्रोस्टेटच्या, कर्करोगात ही पकड सैल होते किंवा दुसऱ्याच प्रथिनांकडे जाते.

संज्ञा : बडोद्यातील मराठी वाचक पहिल्यांदा शब्दांपाशीच अडतो. मराठी शाळेत ‘पेशी’ हा सजीवाचा मूळ घटक आणि पेशींचा समूह ती ‘ऊती’. गुजराती पाठ्यपुस्तकांत मूळ घटक ‘कोष’ असतो आणि ‘पेशी’ म्हणजे ऊती. गुजराती माध्यमात शिकलेल्या मराठी घरातल्या मुलाने ‘पेशी सुटतात’ हे वाचले तर त्याच्या डोळ्यांपुढे ऊतीचा अख्खा तुकडा येतो. जुन्या मराठी संदर्भग्रंथांतील ‘कोशिका’ने हा घोळ टळतो, पण बोलण्यात तो शब्द उतरला नाही, म्हणून येथे ‘पेशी’च ठेवला आहे. ‘अष्ठीला’बद्दलही मतभेद आहेत. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताच्या (लघवी अडण्याच्या विकाराच्या) प्रकारांत ‘वाताष्ठीला’ येते व तेथे अष्ठीला म्हणजे वाटोळ्या दगडासारखी कठीण गाठ. तीच आजची ग्रंथी, असे काही अभ्यासक मानतात. मात्र ते वर्णन रोगलक्षणाचे आहे, त्यामुळे ग्रंथीसाठी हा शब्द अलीकडे योजला गेला असे धरणे अधिक सुरक्षित.

शोध : कॅल्शियमवर अवलंबून असणाऱ्या आसंजनाचा धागा जपानी जीवशास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांना एका बिघाडातून सापडला. क्योतो येथे ट्रिप्सिनने (प्रथिने कापणाऱ्या विकराने) सुट्या केलेल्या पेशी पुन्हा गोळा होत. अमेरिकेत बाल्टिमोरला त्या होईनात. तेथील ट्रिप्सिनच्या द्रावणात ईडीटीए होते आणि ते कॅल्शियम बांधून ठेवते. कॅल्शियम असताना पकडीचे प्रथिन ट्रिप्सिनला दाद देत नाही, कॅल्शियम काढताच कापले जाते, असे त्यांनी १९७७ मध्ये मांडले. १९८४च्या सुमारास त्या प्रथिनाला ‘कॅडहेरिन’ हे नाव मिळाले. त्याच काळात पॅरिसमध्ये ‘यूव्होमॉरुलिन’ आणि न्यूयॉर्कमध्ये एडेलमन यांच्या गटात ‘एल-कॅम’ वर्णिले गेले. पुढे या प्रथिनांचे अनुक्रम जुळले. उंदरातील यूव्होमॉरुलिन म्हणजेच कॅडहेरिनांपैकी ई-कॅडहेरिन आणि एल-कॅम हे त्याचे कोंबडीतील रूप. पहिला मान कोणाचा यावर एकमत नाही. कॅल्शियमचे कारण ज्याने उलगडले त्याचे नाव टिकले, हे योग्यच म्हणावे लागेल.

रचना : ई-कॅडहेरिनचा पेशीबाहेरचा भाग पाच खंडांचा असतो आणि खंडांच्या सांध्यांत कॅल्शियम बसते. आतले शेपूट बीटा-कॅटेनिन या प्रथिनाला, ते अल्फा-कॅटेनिनला आणि ते पेशीच्या सांगाड्यातील ॲक्टिनच्या तंतूंना जोडलेले असते. साखळीतील एक कडी तुटली तरी पकड जाते. १९७९ साली वर्णिलेली पीसी-३ ही (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेली) पेशीमालिका अष्ठीलेच्या कर्करोगाच्या हाडात पसरलेल्या दुय्यम गाठीपासून मिळाली. तिच्यात ई-कॅडहेरिन आहे, अल्फा-कॅटेनिनचे जनुक मात्र गळालेले आहे, असे १९९३ मध्ये दिसून आले. ते जनुक असलेले गुणसूत्र ५ पेशींत घातल्यावर पकड परत आली.

ग्रंथीतील बदल : निरोगी नलिकेला आतला स्रावी आणि बाहेरचा आधारपेशींचा असे दोन थर असतात. आधारपेशी अल्फा-६ बीटा-४ इंटिग्रिनने (दोन घटकांच्या जोडीने बनलेल्या पकडीच्या प्रथिनाने) आधारपटलातील लॅमिनिन-३३२ या प्रथिनाला धरतात. कर्करोगात हा थर, बीटा-४ आणि लॅमिनिन-३३२ ही तिन्ही नाहीशी होतात; अल्फा-६ उरते, पण बीटा-१शी जोडी जमवून. ई-कॅडहेरिन घटण्याचा संबंध वरच्या ग्लीसन श्रेणीशी (सूक्ष्मदर्शकाखाली गाठ किती आक्रमक दिसते त्या मापाशी) व रोगाच्या वाईट भवितव्याशी असल्याचे १९९२पासून नोंदले गेले. विसरित (विखरून पसरणाऱ्या) जठर-कर्करोगात ई-कॅडहेरिनच्या सीडीएच१ जनुकातच दोष सापडतो. अष्ठीलेत असे उत्परिवर्तन विरळा. येथे प्रवर्तकाचे (जनुक चालू करणाऱ्या भागाचे) मेथिलीकरण आणि स्नेल, झेब-१ यांसारखे जनुक दाबणारे दमनकारक घटक यांकडे बोट दाखवले जाते.

तपासणी : नमुन्यात ई-कॅडहेरिन आहे का ते त्याला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने व रंगाने पाहतात. त्यासाठी पॅराफिनमधील (मेणातील) नमुन्याचा ४ मायक्रॉनचा छेद धनभारित काचपट्टीवर घेऊन ६० अंशांवर तासभर वाळवतात. झायलीन व अल्कोहोलनंतर पीएच ९च्या ईडीटीए द्रावणात ९५ ते ९८ अंशांवर २० मिनिटे ठेवून तो हळूहळू थंड होऊ देतात. (जिवंत पेशींची पकड सोडवणारे हेच ईडीटीए येथे फॉर्मेलिनने झाकलेले प्रतिजन (प्रतिपिंड ज्याला चिकटते तो भाग) उघडे करते.) पुढे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटे, प्रतिपिंड ३० ते ६० मिनिटे आणि शेवटी तपकिरी रंग देणारे डीएबी. निरोगी नलिकेत पेशींच्या कडांवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी तपकिरी जाळी उमटते. त्याच पट्टीवरची ही जाळी फिकी असेल तर गाठीतील फिकेपणाला अर्थ नाही.

प्रतिपिंड घालताना पट्ट्या ओल्या कापडाच्या झाकणबंद डब्यात आडव्या ठेवाव्यात. बडोद्यात मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो. त्यात पंखा चालू राहिला तर थेंब कडेने सुकतो आणि छेदाची कड खोटीच गडद दिसते. विद्युतदहनाने काढलेल्या तुकड्यांच्या करपलेल्या कडा मोजणीतून वगळतात. ई-कॅडहेरिनचा बाहेरचा सुमारे ८० किलोडाल्टनचा भाग कापला जाऊ शकतो. अशा वेळी आतल्या शेपटाला चिकटणारे प्रतिपिंड रंग दाखवते, बाहेरच्या भागाचे दाखवत नाही. दोन प्रयोगशाळांचे अहवाल जुळले नाहीत तर आधी प्रतिपिंड कोणते ते विचारावे.

हाडातील दुय्यम गाठींत ई-कॅडहेरिन पुन्हा दिसल्याच्या नोंदी आहेत. पकड सोडून निघालेल्या पेशी नव्या जागी ती परत मिळवतात, असा त्याचा अर्थ लावला जातो. हा अर्थ पटण्याजोगा आहे, पण हाडाचा नमुना तीव्र आम्लात विकॅल्सीकृत केला (त्यातले कॅल्शियम काढले) तर प्रतिजन बिघडते आणि असलेले प्रथिनही दिसत नाही. विकॅल्सीकरणासाठी ईडीटीए वापरले तर दिवस अधिक लागतात, प्रतिजन मात्र टिकते. म्हणून अशा अहवालात विकॅल्सीकरण कशाने व किती वेळ केले, याची नोंद असावी लागते.