जुगाराच्या व्यसनासाठी मदतगट: सोलापुरातील शोधाची पार्श्वभूमी

सोलापुरातील एखादे कुटुंब जुगार सोडू पाहणाऱ्या आपल्या माणसासाठी मदतगट शोधू लागते, तेव्हा त्याची गाठ बहुधा दारूच्या व्यसनमुक्तीसाठी उभ्या राहिलेल्या व्यवस्थेशीच पडते. जुगारासाठीची वाट वेगळी का पडली नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी कायद्याच्या इतिहासात आहे.

सोलापुरात जुनी मिल 1877 मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर दहा वर्षांनी मुंबई प्रांताचा जुगार प्रतिबंधक कायदा आला. या कायद्याने अड्डा चालवणाऱ्याबरोबर तेथे सापडलेल्या खेळणाऱ्यालाही गुन्हेगार ठरवले, आणि साहजिकच जुगार हा पोलिसांचा विषय होऊन बसला. पुढे मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील दरांवर आकडा लावला जाई. ते दर येणे थांबल्यावर, 1960च्या दशकाच्या सुरुवातीला, काढलेल्या पत्त्यांवर चालणारा मटका रूढ झाला आणि ओपन-क्लोजचे, म्हणजे दिवसाच्या पहिल्या आणि शेवटच्या सोडतीचे, आकडे गिरणगावांतून राज्यभर पसरले. 1969 मध्ये राज्य शासनाने स्वतःची लॉटरी सुरू केली. एका चिठ्ठीसाठी अटक आणि दुसरीसाठी सरकारी बक्षीस अशी स्थिती असताना खेळणाऱ्याचे घर कसे चालते, हा प्रश्न दोन्हीकडून दुर्लक्षितच राहिला. गिरण्या बंद पडल्यावर यंत्रमागाच्या आणि विडीच्या मजुरीवर चालणाऱ्या घरांत आकड्यावर गेलेल्या पैशाचा अर्थ, घरातल्या बाईच्या विड्यांच्या मजुरीतून त्या आठवड्याचे रेशन भरायचे, इतका सरळ असतो.

मदतगटांची कल्पना मात्र वेगळ्याच ठिकाणी रुजली. 1935 मध्ये अमेरिकेत दारू सोडू पाहणाऱ्यांनी बैठकांत एकमेकांना आधार देण्याची अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना सुरू झाली आणि त्याच पद्धतीवर 13 सप्टेंबर 1957 रोजी लॉस एंजेलिसमध्ये गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमसची पहिली बैठक झाली. जुगार सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट, फी नाही, पूर्ण नावाची गरज नाही. दारूपेक्षा येथे एक अडचण अधिक होती, ती म्हणजे कर्जाची. म्हणून सर्व देणी कागदावर मांडून, जोडीदाराला समोर बसवून, फेडीचा आराखडा ठरवण्याची रीत या गटांत पडली. घरच्यांनी कर्ज परस्पर फेडून टाकू नये, हा त्यांचा आग्रह नातेवाइकांना कठोर वाटतो. पण फिटलेले कर्ज म्हणजे पुन्हा मिळालेली पत, हे त्यामागचे कारण मला पूर्ण पटते. कुटुंबीयांसाठी गॅम-अ‍ॅनॉन ही स्वतंत्र संघटनाही उभी राहिली.

वैद्यकशास्त्र या अनुभवाच्या मागून आले. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात जुगाराला 1980 मध्ये जागा मिळाली, तीही आवेगावरील नियंत्रणाच्या विकारांत; व्यसनांच्या गटात तो 2013 मध्ये आला. जागतिक आरोग्य संघटनेची अशीच मांडणी 2022 पासून लागू आहे.

महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचे काम दारू आणि गर्द (ब्राउन शुगर) यांच्याभोवती वाढले. पुण्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 मध्ये त्यातूनच उभे राहिले. त्यामुळे सोलापूरच्या कुटुंबाने विचारपूस करताना काही भेद ध्यानात ठेवावेत. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बंद बैठका दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठीच असतात, मात्र खुल्या बैठकीला कोणीही बसू शकतो आणि अशा बैठकीची पद्धत तेथे प्रत्यक्ष पाहता येते. गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमसच्या ऑनलाइन बैठकांना घरबसल्या हजर राहता येते. ज्या वस्तीत सगळे एकमेकांना ओळखतात, तेथील माणसाला ही सोय फार मोलाची आहे. परंतु सोलापूर शहराच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणाऱ्याने आपली लाज इंग्रजीत किंवा हिंदीत सांगावी, ही अपेक्षा जड आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या, 14416 क्रमांकाच्या शासकीय दूरध्वनी सेवेवर, जी ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली, मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषांत बोलता येते. शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही जुगाराची तक्रार थेट सांगावी, सोबत दारू असलीच पाहिजे असे नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा केला. त्यात शिक्षा खेळ पुरवणाऱ्याला, त्याची जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांचे व्यवहार हाताळणाऱ्याला आहे; खेळणाऱ्याला नाही. मोबाइलवर रमी किंवा सट्टा खेळून कर्जात गेलेल्या मुलाबद्दल मदत मागताना त्याच्यावर खटला होईल या भीतीने गप्प बसलेल्या आईवडिलांना ही तरतूद आवर्जून सांगायला हवी.