लाल कोब्यात एकाच खोलीत तीन छटा कशा येतात?

कोबा घोटून झाला, पाणी मारून झालं, जमीन वाळली आणि एकाच खोलीत कुठे वीटकरी, कुठे गुलाबी, कुठे काळपट लाल. मालक म्हणतो रंग कमी घातला, गवंडी म्हणतो पावडरच भेसळीची होती. कधी यातलं एखादं खरं असतंही, पण बहुतेक डागांच्या मुळाशी पाणी असतं.

लाल कोब्यासाठी सिमेंटात घालतात ती पावडर रेड ऑक्साईड, म्हणजे आयर्न ऑक्साईड. कासच्या पठारावरचा किंवा पाचगणीच्या टेबललँडवरचा जांभा तांबडा दिसतो तो लोखंडाच्या ऑक्साईडांमुळेच, आणि घाटावरचा पाऊस झेलूनही तो विटत नाही. सिमेंटच्या अल्कलीलाही हे द्रव्य दाद देत नाही. त्याचा कण एका मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) बारीक असतो, तर सिमेंटचा साधारण दहा-वीस मायक्रॉनचा. त्यामुळे थोडक्या पुडीत सिमेंटचे कण माखून निघतात. सिमेंटच्या वजनाच्या ५ टक्के, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला अडीच किलो पुरतात. त्यापुढे रंग फारसा चढत नाही आणि १० टक्क्यांवर गेलं की बारीक पूड पाणी जास्त मागते, कोबा कच्चा राहतो. डब्यावर ‘नॅनो’ लिहिल्याने या हिशेबात काही फरक पडत नाही, किंमत तेवढी वाढते.

आता पाण्याचा हिशेब. एक पोतं सिमेंट, १५० किलो वाळू आणि पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५, म्हणजे पाण्याचं वजन सिमेंटच्या ०.४५ पट, धरलं तर पाणी लागतं साडेबावीस लिटर. पण वाळू ५ टक्के ओली असेल तर साडेसात लिटर तिच्यातूनच येतं. गवंड्याने तरीही साडेबावीस लिटर ओतलं की एकूण झालं ३० लिटर आणि प्रमाण ०.६०. ढिगाचा वरचा थर उन्हाने सुकलेला आणि तळ ओला. सकाळचा माल वरच्या वाळूचा, दुपारचा तळाचा. बादल्या मोजून घातल्या तरी छटा बदलायची ती बदलतेच.

का बदलते? सिमेंटच्या रासायनिक क्रियेत कायमचं अडकणारं पाणी सिमेंटच्या वजनाच्या जेमतेम पाव भाग असतं. माल सैल व्हावा म्हणून घातलेलं जादा पाणी उडून जातं आणि मागे सूक्ष्म पोकळ्या राहतात. साबणाचा फेस पांढरा दिसतो त्याच कारणाने या पोकळ्या प्रकाश विखुरतात आणि लाल रंग फिका पडतो. शिवाय या क्रियेत कॅल्शियम हायड्रॉक्साईड, म्हणजे चुना, तयार होतं. २० अंशांना ते लिटरभर पाण्यात सुमारे १.७ ग्रॅम विरघळतं, आणि गंमत म्हणजे पाणी गार होईल तसं जास्त विरघळतं. पोकळ्यांतून पाणी वर येतं तेव्हा ते सोबत येतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साईडशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि जवळजवळ न विरघळणारी पांढरी साय धरते. थंडीत ओल हळूहळू वाळते, द्रावणाला पृष्ठभागापर्यंत यायला सवड मिळते. म्हणून थंडीत टाकलेल्या कोब्यावर ही साय जास्त येते. यात वास्तुदोष शोधणाऱ्यांनी आधी वाळूचा ढीग उकरून बघावा.

काळपट डागांचं कारण नेमकं उलटं. थापीने एकाच जागी फार घोटलं की तिथलं पाणी निघून जातं आणि थर घट्ट बसतो. सिमेंटला करडेपणा देणारा लोहयुक्त फेराइट घटक पाण्याअभावी पूर्ण मुरत नाही, काळाच राहतो. घोटताना पाण्याचा हबका मारला की फिका पट्टा, सुटलेलं पाणी टिपायला कोरडं सिमेंट भुरभुरलं की आणखी एक छटा. वर सुटलेलं पाणी आपोआप आटेपर्यंत हात लावू नये.

म्हणून सगळ्या घराचं सिमेंट आणि ऑक्साईड आधीच कोरडं कालवून दोनदा चाळून पोत्यांत भरून ठेवावं. सिमेंट एकाच कंपनीचं, एकाच खेपेचं घ्यावं. वाळूचा ढीग फावड्याने उलटापालटा करून वर ताडपत्री घालावी. खोली एका दिवसात संपवावी. क्युरिंगला, म्हणजे कोबा ओला ठेवून मुरवायला, गोणपाट नको, तागाचा तपकिरी रंग उतरतो. प्लॅस्टिकला सुरकुती पडली की तिची नक्षी जमिनीवर उमटते. दुसऱ्या दिवसापासून पाणी साठवायचं तर भिंतीपासून भिंतीपर्यंत सारखं, सात दिवस. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा, मिरज, पलूसच्या क्षारपड पट्ट्यात विहिरीचं पाणी टाळावं, पिण्याचं वापरावं. नाहीतर चुन्याच्या जोडीला मातीतले क्षारही वर येतात.

डाग पडलेच तर ओल्या फडक्याने पुसून बघा. ओलं असताना डाग नाहीसा झाला आणि वाळल्यावर परत दिसला तर ती वरची साय आहे. ओल्यातही दिसला तर रंग मिसळण्यात किंवा घोटण्यात चूक आहे आणि धुऊन ती जाणार नाही. साय काढायला महिनाभर थांबावं. एक भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड वीस भाग पाण्यात घालावं, ॲसिडात पाणी कधीच नाही. हातमोजे, चष्मा घालून आणि खिडक्या उघड्या ठेवून आधी कोपऱ्यात करून बघावं. जमीन साध्या पाण्याने भिजवून घ्यावी म्हणजे ॲसिड आत शिरत नाही. फेस थांबला की लगेच भरपूर पाण्याने धुवावं. हे काम एका दमात भिंतीपर्यंत न्यावं, मधे थांबलं तिथे नवी रेघ उमटते.